उजवं म्हणजे नेमकं कुणाचं उजवं? शरीराची दिशा आणि हालचाल सांगणारे शब्द, सोप्या भाषेत

एक छोटा प्रयोग करा. फोनचा सेल्फी कॅमेरा उघडा आणि उजवा हात वर करा. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनच्याही उजव्या बाजूचाच हात वर गेलेला दिसेल, आरशात दिसतो तसा. आता फोन मित्राच्या हातात द्या, मागच्या कॅमेऱ्यातून तुमच्याकडे बघायला सांगा आणि पुन्हा उजवाच हात वर करा. मित्राला तो स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसेल. हात तोच, माणूस तोच. बदलली ती फक्त बघणाऱ्याची जागा.

फोटोत हा गोंधळ चालून जातो. पण हाच गोंधळ गुडघ्याच्या एमआरआय रिपोर्टमध्ये झाला तर? ऑपरेशनच्या टेबलवर झाला तर? म्हणूनच वैद्यकशास्त्राने शरीरातली जागा आणि हालचाल सांगण्यासाठी शब्दांचा एक वेगळा संच ठरवून ठेवला आहे. अँटेरियर, मेडियल, फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन हे ते शब्द. आज रिपोर्टची पीडीएफ थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटतात आणि व्यायामाचं अ‍ॅप आपल्या हालचाली मोजतं. त्यामुळे हे शब्द आता आपल्याही फोनमध्ये येऊन पोहोचले आहेत.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझी या शब्दांशी ओळख झाली ती कॅमेऱ्यासमोर व्यायाम करून घेणाऱ्या एका अ‍ॅपवर काम करताना. टीममधली फिजिओथेरपिस्ट रोज हे शब्द वापरायची. सुरुवातीला पाठांतराचा विषय वाटला. पण थोड्या दिवसांत लक्षात आलं की हे तर आपलंच काम आहे. ही एक को-ऑर्डिनेट सिस्टीम आहे!

सगळ्याची सुरुवात: अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन

कुठलीही को-ऑर्डिनेट सिस्टीम घ्या, आधी शून्य कुठे ते ठरवावं लागतं. शरीराच्या बाबतीत ते काम अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन करते. माणूस ताठ उभा, चेहरा समोर, पाय जवळजवळ आणि पावलं पुढे, हात शरीराच्या बाजूला सरळ सोडलेले आणि तळहात पुढच्या दिशेला. एवढंच.

माणूस झोपलेला असो, उलटा लटकलेला असो की पद्मासनात बसलेला असो, दिशा सांगताना तो असाच उभा आहे असं धरायचं. आणि डावं-उजवं नेहमी त्या माणसाचं, बघणाऱ्याचं नाही.

तुमच्या फोनमध्ये अगदी हाच नियम आहे. अँड्रॉइडच्या सेन्सरसाठी एक्स अक्ष स्क्रीनच्या उजवीकडे, वाय अक्ष वरच्या कडेकडे आणि झेड अक्ष स्क्रीनमधून बाहेर, असं ठरलेलं आहे. तुम्ही व्हिडिओ बघायला फोन आडवा केला तरी हे अक्ष बदलत नाहीत. ते फोनला चिकटलेले आहेत, तुमच्या नजरेला नाहीत. शरीराचे दिशाशब्दही तसेच शरीराला चिकटलेले आहेत. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं आहे.

दिशा सांगणाऱ्या जोड्या

हे शब्द जोडीनेच लक्षात ठेवा:

- सुपीरियर आणि इन्फीरियर: डोक्याच्या बाजूला आणि पायाच्या बाजूला. नाक ओठांच्या सुपीरियर आहे. तुम्ही शीर्षासन केलं तरी ते सुपीरियरच राहतं.
- अँटेरियर आणि पोस्टेरियर: पुढची बाजू आणि मागची बाजू. बेंबी अँटेरियर, पाठीचा कणा पोस्टेरियर.
- मेडियल आणि लॅटरल: शरीराच्या मधल्या उभ्या रेषेजवळ आणि त्या रेषेपासून लांब. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मेडियल, कानाकडचा लॅटरल.
- प्रॉक्झिमल आणि डिस्टल: हातापायांसाठी. अवयव धडाला जिथे जोडला जातो त्या जागेजवळ की तिथून लांब. कोपर मनगटाच्या प्रॉक्झिमल आहे, बोटांची टोकं सगळ्यात डिस्टल.
- सुपरफिशियल आणि डीप: कातडीजवळ की खोल.

खेळाच्या बातम्यांमध्ये एसीएल इंजुरी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एसीएल म्हणजे अँटेरियर क्रूशिएट लिगामेंट. गुडघ्यात दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखे छेदतात. त्यातला जो नडगीच्या हाडाला पुढच्या भागात जोडलेला असतो तो अँटेरियर, आणि मागे जोडलेला तो पोस्टेरियर, म्हणजे पीसीएल. नावातच पत्ता आहे.

छातीच्या एक्स-रेवर पीए व्ह्यू असं लिहिलेलं असतं, तेही हेच. किरण पोस्टेरियरकडून अँटेरियरकडे, म्हणजे पाठीकडून छातीकडे गेले. रुग्ण झोपून असेल तर बऱ्याचदा एपी, म्हणजे उलट दिशेने काढतात आणि त्यात हृदय जरा मोठं दिसतं. ही दोन अक्षरं माहीत नसतील तर हृदय खरंच मोठं झालंय की फोटो तसा आलाय, हे कळणारच नाही.

एक गंमत बघा. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये तळहात पुढे असतो, म्हणून अंगठा लॅटरल आणि करंगळी मेडियल. टेबलावर हात पालथा ठेवलात तर अंगठा आतल्या बाजूला येतो, पण नाव बदलत नाही. अंगठा लॅटरलच.

आपली मराठी कुठे अडते, कुठे पुढे आहे

माझी आई बार्शीला असते. मध्यंतरी तिचा गुडघा दुखायला लागला तेव्हा पुण्यातून मीच व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी तिचं बोलणं लावून दिलं. आई म्हणाली, "डॉक्टर, गुडघ्याच्या आत दुखतंय." डॉक्टरांनी विचारलं, "आत म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला का काकू, की सांध्याच्या आत, खोल?" आई म्हणाली, "अहो, आत म्हणजे आतच की." शेवटी डॉक्टरांनी एका बोटाने जागा दाबून दाखवायला सांगितली, तेव्हा उलगडा झाला. दुखणं मेडियल बाजूला होतं.

चूक आईची नाही. मराठीत आत हा एकच शब्द मेडियलसाठीही वापरतात आणि डीपसाठीही. डॉक्टरांसाठी मात्र या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हात आणि पाय या शब्दांचंही तसंच. "पाय दुखतोय" म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत काहीही असू शकतं.

पण मराठी सगळीकडे मागे नाही हं. गुडघ्याखालच्या भागाची पुढची बाजू म्हणजे नडगी आणि मागची बाजू म्हणजे पोटरी. म्हणजे अँटेरियर आणि पोस्टेरियरसाठी आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द तयार आहेत. हाताची पुढची बाजू तळहात आणि मागची बाजू मळहात. खांद्यापासून कोपरापर्यंत दंड. मांडी, घोटा, टाच, चवडा, सगळे नेमके शब्द. डॉक्टरांशी बोलताना "पाय" ऐवजी "पोटरी" म्हटलं तरी निम्मं काम होतं.

कापून बघायच्या तीन दिशा

एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये शरीराचे पातळ काप दिसतात. काप तीन दिशांनी घेता येतात:

- सॅजिटल: शरीराचे डावा आणि उजवा असे भाग करणारा. लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणजे बाण.
- कोरोनल: पुढचा आणि मागचा असे भाग करणारा. कोरोना म्हणजे मुकुट.
- ट्रान्सव्हर्स: वरचा आणि खालचा असे भाग करणारा. काकडीच्या चकत्या करतो तसा. रिपोर्टमध्ये यालाच अ‍ॅक्शियल म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. ट्रान्सव्हर्स आणि कोरोनल चित्रात रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला दिसते. ट्रान्सव्हर्स काप आपण रुग्णाच्या पायाकडून बघतोय आणि कोरोनल काप समोर उभं राहून बघतोय, असा संकेत आहे. तेव्हा रिपोर्टमधलं चित्र बघून "अरे, हा तर डावा!" असं लगेच ठरवू नका. चित्राच्या कडेला एल किंवा आर लिहिलेलं असतं, ते आधी बघा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी इथे अजून एक खड्डा आहे. हॉस्पिटलमध्ये स्कॅन ज्या डायकॉम पद्धतीने साठवतात, तिच्यात एक्सचा आकडा रुग्णाच्या डावीकडे वाढतो आणि वायचा मागच्या बाजूला. मेंदूवरच्या संशोधनात निफ्टी नावाचा फॉरमॅट वापरतात, तिथे एक्स उजवीकडे आणि वाय पुढे वाढतो. झेड दोन्हीकडे डोक्याच्या दिशेनेच. एकातून दुसऱ्यात डेटा नेताना दोन चिन्हं उलटायला विसरलात तर मेंदूचा डावा भाग उजवा होईल. आणि मेंदूच्या दोन्ही बाजू दिसायला इतक्या सारख्या असतात की नुसतं चित्र बघून ते लक्षातही येणार नाही.

हालचालींचे शब्द

आता हालचाली. यासुद्धा जोडीनेच येतात:

- फ्लेक्शन आणि एक्स्टेन्शन: सांधा वाकवणं आणि सरळ करणं. उठाबशा काढताना खाली जाताना गुडघ्याचं फ्लेक्शन, वर येताना एक्स्टेन्शन. सूर्यनमस्कारात पुढे वाकून हात जमिनीला टेकवता ते कण्याचं आणि कमरेच्या सांध्याचं फ्लेक्शन, भुजंगासनात मागे वळता ते कण्याचं एक्स्टेन्शन. मान खाली घालून रील्स बघता ते मानेचं फ्लेक्शन.
- अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन: मधल्या रेषेपासून लांब नेणं आणि जवळ आणणं. अंपायर वाइडसाठी दोन्ही हात बाजूला पसरतो ते खांद्यांचं अ‍ॅबडक्शन. हात परत खाली आले की अ‍ॅडक्शन.
- रोटेशन: स्वतःच्या अक्षाभोवती फिरणं. नकार देताना मान हलवतो ते.
- सुपिनेशन आणि प्रोनेशन: कोपरापुढचा हात फिरवून तळहात वर करणं आणि पालथा करणं. तीर्थ घेताना सुपिनेशन, कीबोर्डवर टाइप करताना प्रोनेशन. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करता तेव्हा सुपिनेशन होतं.
- डॉर्सिफ्लेक्शन आणि प्लांटरफ्लेक्शन: पाऊल नडगीकडे वर ओढणं आणि खाली दाबणं. बाइकचा मागचा ब्रेक दाबता ते प्लांटरफ्लेक्शन.
- इन्व्हर्जन आणि एव्हर्जन: तळपाय आतल्या बाजूला वळणं आणि बाहेरच्या बाजूला वळणं. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा इन्व्हर्जन झालेलं असतं, म्हणून मार घोट्याच्या लॅटरल बाजूच्या लिगामेंटना बसतो.

झोपण्याच्या स्थितीलाही नावं आहेत. शवासनासारखं उताणं म्हणजे सुपाइन, साष्टांग नमस्कारासारखं पालथं म्हणजे प्रोन.

अंगठ्याचं मात्र तंत्र वेगळं आहे. तो बाकीच्या बोटांच्या तुलनेत साधारण काटकोनात वळलेला आहे. त्यामुळे तळहाताच्या पृष्ठभागाला समांतर, करंगळीच्या दिशेने जाणं हे त्याचं फ्लेक्शन, आणि तळहातापासून समोर लांब जाणं हे अ‍ॅबडक्शन. बोटांच्या टोकांना टेकायला तो वळतो त्याला ऑपोझिशन म्हणतात. एका हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने स्क्रोल करता येतं, ते या सांध्याच्या कृपेने.

हे शब्द किती नेमके आहेत याचं उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. बोलर चेंडू फेकतोय का, हे ठरवताना कोपर वाकलेलं आहे का, असा प्रश्न नसतोच. आयसीसीच्या नियमात मोजतात ते कोपराचं एक्स्टेन्शन. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर अ‍ॅक्शन बेकायदेशीर. कोपर मुळातच वाकलेलं असेल आणि तसंच वाकलेलं राहिलं तर हरकत नाही. फ्लेक्शन आणि एक्स्टेन्शन यातला फरक माहीत नसेल तर टीव्हीसमोर बसून नुसताच वाद घालत बसाल.

फोन तुमची हालचाल कशी मोजतो?

व्यायामाची अ‍ॅप कॅमेऱ्याच्या चित्रातून सांध्यांचे बिंदू शोधतात. गुगलच्या मीडियापाइपमध्ये असे ३३ बिंदू आहेत. त्यात ११ नंबरचा बिंदू डावा खांदा, १२ नंबरचा उजवा, २५ डावा गुडघा, २६ उजवा गुडघा. हे डावं-उजवं कुणाचं? अर्थात कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचं. नियम तोच. पण अ‍ॅपला सेल्फी कॅमेऱ्याचं आरशासारखं उलटवलेलं चित्र दिलं तर मॉडेलला डावा गुडघा उजवा वाटणार. म्हणून मॉडेलला मूळ चित्र द्यायचं आणि स्क्रीनवर दाखवताना तेवढं उलटवायचं, हा सरळ उपाय.

दुसरा मुद्दा कोनाचा. प्रोग्रॅम कमरेचा सांधा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू घेऊन गुडघ्याचा कोन काढतो. पाय सरळ असेल तर उत्तर येतं १८०. फिजिओथेरपिस्टच्या भाषेत मात्र सरळ पाय म्हणजे शून्य फ्लेक्शन आणि पूर्ण वाकवला की साधारण १३५. म्हणजे १८० मधून वजाबाकी करायला हवी. आमच्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच मीटिंगमध्ये हे विचारून पक्कं करून घेतलं. कारण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याचदा ९० अंश फ्लेक्शन गाठायचं असतं. ज्याचा गुडघा जेमतेम ६० अंश वाकतोय, त्याला वजाबाकी न केलेलं अ‍ॅप १२० दाखवेल. त्याला वाटेल, टार्गेट झालं, आता व्यायाम कशाला! आणि ९० ला दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून फक्त ९० वर टेस्ट केलं तर ही चूक सापडणारच नाही.

तिसरा मुद्दा तुमच्या थेट उपयोगाचा आहे: फोन कुठे ठेवायचा. फ्लेक्शन-एक्स्टेन्शनच्या बहुतेक हालचाली सॅजिटल प्रतलात होतात, म्हणून उठाबशा आणि पुशअपसाठी फोन बाजूला ठेवा. अ‍ॅबडक्शन कोरोनल प्रतलात होतं, म्हणून जंपिंग जॅकसाठी फोन समोर. रोटेशन ट्रान्सव्हर्स प्रतलात होतं आणि ते नीट बघायला कॅमेरा डोक्यावर हवा. म्हणूनच कंबर किंवा मान फिरवण्याचे व्यायाम एका कॅमेऱ्याला अवघड जातात. तुमचं अ‍ॅप मोजण्यात गडबड करत असेल तर शिव्या देण्याआधी फोनची जागा बदलून बघा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

एके काळी शरीराच्या एकाच भागाला वेगवेगळ्या देशांत आणि पुस्तकांत वेगवेगळी नावं होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात शरीररचनेच्या अभ्यासकांनी एक सामायिक लॅटिन यादी मंजूर केली. आजच्या आंतरराष्ट्रीय यादीची, टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिकाची, पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. म्हणून सोलापुरात काढलेला स्कॅन लंडनमधला डॉक्टरही बिनचूक वाचू शकतो.

तरीही चुकीच्या बाजूचं ऑपरेशन होण्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. त्या टाळण्यासाठी अमेरिकेत २००४ पासून युनिव्हर्सल प्रोटोकॉल लागू झाला. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी रुग्णाकडूनच नाव, ऑपरेशनची जागा आणि ऑपरेशन कोणतं हे पक्कं करून घ्यायचं आणि त्या जागेवर खूण केली आहे का ते बघायचं, असं त्यात आहे. म्हणजे या सगळ्या साखळीत तुम्हीही एक कडी आहात. घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर रिपोर्ट, संमतीपत्र आणि शरीरावरची खूण, तिन्हीकडे बाजू एकच आहे ना, हे बघणं आणि विचारणं हा तुमचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांना कसं सांगाल?

व्हिडिओ कॉलच्या आधी फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवा:

1. बाजू: माझी स्वतःची डावी की उजवी. सेल्फी कॅमेऱ्यात बघून ठरवू नका.
2. भाग: पाय नाही, मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा यातलं नेमकं काय.
3. जागा: पुढे की मागे, दुसऱ्या पायाकडच्या बाजूला की बाहेरच्या, कातडीजवळ की खोल.
4. हालचाल: वाकवताना दुखतं, सरळ करताना, की फिरवताना.

"माझा पाय दुखतोय" आणि "माझा उजवा गुडघा, डाव्या गुडघ्याकडच्या बाजूला, जिना उतरताना वाकवला की दुखतो" या दोन वाक्यांत किती फरक आहे बघा. दुसऱ्या वाक्यात लॅटिनचा एकही शब्द नाही, तरी डॉक्टरांना हवी असलेली जवळपास सगळी माहिती आहे.

तेव्हा हे शब्द घोकत बसू नका. माणूस उभा आहे, तळहात पुढे आहेत आणि डावं-उजवं त्याचं आहे, एवढं लक्षात ठेवा. बाकीचे शब्द रिपोर्टमध्ये दिसतील तेव्हा हा लेख पुन्हा उघडा. आणि घरातल्या कुणाचा गुडघा किंवा कंबर कुरकुरत असेल तर त्या चार ओळी त्यांना आजच व्हॉट्सअ‍ॅप करा.